उद्यानात रान परत आणताना

जुलै उजाडला की महाराष्ट्रातल्या कुठल्याही महापालिकेच्या उद्यान खात्यात खड्ड्यांचा हिशेब सुरू होतो. खड्डे किती, रोपे किती, रोपांची उंची किती फूट, पैसे कोणत्या कंपनीच्या सीएसआरमधून आणि फीत कापायला कोण. राज्याच्या पातळीवर हाच हिशेब कोटींत चालतो. २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी, अशी तीन वर्षांत ५० कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट राज्य सरकारने ठेवले होते. बाहेरच्या जगातही या विषयाला बरे दिवस आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक परिसंस्थांच्या पुनरुज्जीवनासाठी जाहीर केले आहे. २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल करारात बिघडलेल्या परिसंस्थांपैकी निदान ३० टक्के भागावर २०३० पर्यंत काम उभे करायचे ठरले, आणि शहरांतल्या हिरव्या जागांसाठी त्यात वेगळे कलमही आहे. एवढे सगळे असताना प्रश्न उरतो तो अगदी जमिनीवरचा. शहरातल्या एखाद्या उद्यानात, टेकडीवर किंवा नाल्याकाठी नैसर्गिक अधिवास परत आणायचा म्हणजे नेमके काय करायचे? आणि गेल्या चाळीसेक वर्षांत ज्यांनी ते केले त्यांच्या हाती काय लागले?

माझे मत आधीच सांगून टाकतो. या कामात रोप लावणे हा सर्वांत सोपा भाग आहे, आणि बऱ्याचदा तो शेवटी यायला हवा. तिथे मुळात काय होते ते ओळखणे, जे नको ते काढणे आणि मग दहा-पंधरा वर्षे कोणीतरी त्या जागेशी चिकटून राहणे, हे खरे काम. आपली टेंडरे, आपले कायदे आणि आपली अंदाजपत्रके नेमकी या तीन गोष्टींना नकार देतात.

मुंबईपासून सुरुवात करू. धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठी, सायन-वांद्रे लिंक रोडवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. क्षेत्रफळ ३७ एकर. जुने मुंबईकर अजूनही त्याला माहीम नेचर पार्कच म्हणतात. १९७० च्या दशकापर्यंत या जागेवर शहराचा कचरा पडत असे. कचरा टाकणे थांबल्यावर तिथे उद्यान करावे अशी कल्पना वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेने मांडली, एमएमआरडीएने ती उचलली, १९८३ मध्ये सालिम अलींच्या हस्ते झाड लागले आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. पहिले झाड आणि उघडलेले फाटक यांच्यामध्ये ११ वर्षे गेली. आज एवढा धीर धरणारा नगरसेवक कोणी दाखवावा!

कचऱ्याच्या भरावावर झाडे जगवणे सोपे नसते. खाली कचरा कुजत राहतो, जमीन खचते, वायू वर येतो, मुळांना खोलवर जाता येत नाही. वर माती आणून पसरावी लागते आणि पहिल्या पिढीची झाडे मातीच तयार करत असतात. आज तिथे शंभराहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे आणि शाळांच्या सहलींना फुलपाखरांचे खास आकर्षण असते. तरी काटेकोर बोलायचे तर माहीमला काहीच परत आणलेले नाही. ती जागा मुळात खाडीकाठची, खारफुटीच्या दलदलीची. ती कचऱ्याखाली गेली ती गेली. वर उभे राहिले ते नवे, माणसाने रचलेले मिश्र रान. मला यात कमीपणा वाटत नाही. जिथे जुने काहीच उरलेले नाही तिथे नवे रचण्याची मुभा असते, आणि माहीम हे त्याचे चांगले उदाहरण आहे. घोटाळा होतो तो पुढे. माहीममध्ये जे योग्य होते तेच आपण सगळीकडे करू लागलो, जिथे जुने शिल्लक होते तिथेसुद्धा.

त्याउलट वाटेने गेले जोधपूर. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सत्तरेक हेक्टर खडकाळ जमीन वेड्या बाभळीने व्यापली होती. तिकडे तिला बावळिया म्हणतात. ही बाभूळ मूळची अमेरिकेतली. १९३० च्या दशकात महाराजांनी विमानातून तिचे बी टाकले, अशी हकिगत तिकडे सांगतात. २००६ मध्ये किल्ल्याच्या ट्रस्टने हे काम प्रदीप क्रिशन यांच्याकडे सोपवले. सिनेमाकडून झाडांकडे वळलेला हा माणूस. त्यांनी पहिली काही वर्षे जवळजवळ फक्त काढण्याचेच काम केले.

वेडी बाभूळ वरून तोडली की दुप्पट जोमाने फुटते. तिचे फुटवे येतात ते जमिनीखाली दीडेक फुटापर्यंतच्या भागातून. तेवढे मूळ खणून काढले तरच ती मरते. पण इथे खणायला माती कुठे? ज्वालामुखीतून घडलेला रायोलाइट खडक, सुरुंग लावायचा तर वर ऐतिहासिक किल्ला. शेवटी उपाय सापडला तो खंडवालिया समाजातल्या कारागिरांकडे. पिढ्यान्‌पिढ्या वालुकाश्म फोडणारी ही माणसे खडकावर हातोडी मारून आवाज ऐकतात आणि आत भेग कुठून कुठे गेली आहे ते सांगतात. बाभळीचे मूळही त्याच भेगेतून गेलेले असते. छिन्नी-हातोड्याने एकेक मूळ कोरून काढण्यात आले. मागे राहिलेल्या खळग्यांमध्ये मग थोर, कुमट, गुग्गुळ, बोर अशी मारवाडातल्या खडकावर वाढणारी झाडे-झुडपे लागली. २०११ मध्ये उद्यान उघडले तेव्हा अनेकांचा हिरमोड झाला असणार, कारण उन्हाळ्यात ते करडे आणि काटेरी दिसते. ते तसेच दिसायला हवे. वाळवंटातल्या खडकाला हिरवे लॉन मागणे हा आपल्या डोळ्यांचा दोष.

गुरुग्रामचे अरवली जैवविविधता उद्यान याच वाटेने गेले. खाणींनी ओरबाडलेली सुमारे ३८० एकर जमीन, २०१० मध्ये 'आय ॲम गुडगाव' या नागरिक गटाने हाती घेतलेली. विजय धस्माना यांच्या देखरेखीखाली त्यांनी ठरवले की अरवलीत जे उगवते तेच लावायचे. अडचण पहिल्याच दिवसाची होती: बाजारात ही रोपे मिळतच नव्हती. धौ, म्हणजे आपल्या धावड्याचा चुलतभाऊ, किंवा सालई यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून कोणी वाढवत नाही. मग अरवलीच्या शिल्लक जंगलांत हिंडून बी गोळा करणे, ते रुजवण्याचे प्रयोग करणे आणि स्वतःची रोपवाटिका उभी करणे, असा लांबचा रस्ता धरावा लागला. २०२२ मध्ये, संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर असूनही जैवविविधता राखणारी जागा म्हणून अधिकृत मान्यता मिळालेले हे देशातले पहिले ठिकाण ठरले.

दिल्लीत काम झाले ते सरकारी पैशाने आणि विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांकडून. यमुना जैवविविधता उद्यान वजिराबादजवळ, दोन टप्पे मिळून ४५७ एकरांचे. दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू यांच्या चमूने २००२ च्या सुमारास ते सुरू केले. जमीन क्षारपड होती. म्हणून आधी क्षार सोसणारी गवते आणि शेंगवर्गीय वनस्पती, मग पाणथळ जागा, मग झाडे, असा क्रम लावला. हिवाळी बदके परतली हे अपेक्षित होते. अपेक्षित नव्हता तो २०१६ च्या अखेरीस आलेला बिबट्या. शास्त्रज्ञांना आनंद झाला, शेजारच्या वस्तीला घाम फुटला आणि वन खात्याने पिंजरा लावून त्याला उचलले. शहरात अधिवास परत आणायचा, पण त्यात राहायला कोणाला बोलवायचे हे आधी ठरवायचे राहून गेले, तर असे होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको.

आता पुण्याकडे येतो, कारण महाराष्ट्रात या प्रश्नाची सर्वांत गुंतागुंतीची बाजू तिथे दिसते. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती-पाचगाव, बाणेर-पाषाण. सकाळी हजारो लोक चढतात, टेकडीवरून रस्ता किंवा बोगदा काढायची बातमी आली की तेच लोक फलक घेऊन उतरतात. टेकडीवर प्रेम आहे यात शंका नाही. पण प्रेम नक्की कोणत्या टेकडीवर आहे?

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. टेकडीच्या माथ्यावर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. अशा जागी घनदाट जंगल नैसर्गिकरीत्या येत नाही. येते ते गवत, त्यात विखुरलेली खैर, हिवर, बोर, पळस, सालई अशी झाडे, घळीत थोडी दाटी. हे उजाड झालेले जंगल आहे, माणसाने तोडून आणि गुरांनी चरून त्याचा माळ झाला, अशी समजूत इंग्रजांच्या वन खात्यापासून आजपर्यंत चालत आली. सरकारी कागदांत माळाची नोंद 'पडीक' म्हणून होते तीही त्यामुळेच. या समजुतीला मराठी वाङ्मयातूनच धक्का बसला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुने मराठी साहित्य, लोककथा, ओव्या यांतले वनस्पतींचे उल्लेख तपासून २०२५ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम महाराष्ट्रातली ही काटेरी झाडांची, गवताची माळराने निदान साडेसातशे वर्षांपासून अशीच आहेत, असे त्यातून दिसते. म्हणजे यादवकाळातल्या गुराख्याने जे पाहिले, त्याला आपण ओसाडी म्हणून झाडे लावून झाकत आलो.

टेकड्यांवरची लागवड जोरात झाली ती १९८० च्या दशकात. तेव्हा झटपट हिरवे दिसेल आणि देखभाल मागणार नाही असे झाड हवे होते. निवड झाली उंदीरमारीची, म्हणजे गिरिपुष्पाची, आणि सोबत सुबाभळीची. दोन्ही मध्य अमेरिका-मेक्सिकोकडची. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेताळ टेकडीवर गेलात तर पाने झडलेली उंदीरमारी फिक्या गुलाबी फुलांनी लगडलेली दिसते, आणि फोटो काढणाऱ्यांची गर्दीही. नंतर शेंगा वाळतात, उन्हात तडकन्‌ उलतात आणि बिया लांब फेकल्या जातात. बुंध्यावर तोडले की फुटवे. कुंपणात खोचलेला दांडकासुद्धा पालवतो. तिच्या दाट सावलीत पवन्या, कुसळी, मारवेल ही उन्हाची गवते टिकत नाहीत. गवत गेले की त्यात घरटे करणारे चंडोल, उघड्या जमिनीवर अंडी घालणारी माळटिटवी, तित्तर हेही सरतात. पावसाळ्यात कातळावरच्या मातीत दोन-अडीच महिने उगवणाऱ्या कंदवर्गीय वनस्पती, खर्चुडीसारख्या, कुणाच्या हिशेबातच नसतात, त्यामुळे गेल्याचेही कळत नाही.

भर पडली ती चरांची. पाणी अडवा-जिरवा ही शेतीच्या पाणलोटात उत्तम योजना आहे. पण सलग समतल चर जेसीबी लावून टेकडीच्या पातळ मातीत खणले की शतकांनी साचलेला थर उलटापालटा होतो आणि मोकळ्या मुरमावर आधी येतात ती घाणेरी, रानतुळस, गाजर गवत. गाजर गवताची भारतातली पहिली नोंद पुण्यातलीच, १९५० च्या दशकातली. तेव्हा या बाबतीत शहराचा अनुभव दांडगा आहे.

मग उंदीरमारी सरसकट तोडावी का? इथे जाणकारांतही मतभेद आहेत आणि मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटते. एक बाजू म्हणते, जोधपूरसारखे मुळासकट काढा. दुसरी म्हणते, चाळीस वर्षे हे झाड हवेतला नत्र मातीत घालत आले आहे. एकदम ऊन पडले तर त्या खतावलेल्या मातीत गवताआधी तणच माजेल. टेकड्यांवर अलीकडे पिवळ्या-केशरी कॉसमॉसचे जे ताटवे पसरले आहेत ते पाहता ही भीती खोटी नाही. लोक तेही सुंदर म्हणून रील करतात, तो भाग निराळा. व्यवहारात बरे दिसते ते तुकड्या-तुकड्याने विरळणी करणे: एका पट्ट्यातली झाडे काढायची, दोन-तीन पावसाळे फुटवे आणि तण उपटायचे, शेजारच्या चांगल्या माळावरून गवताचे बी आणून टाकायचे, मग पुढच्या पट्ट्याला हात घालायचा. कंटाळवाणे काम आहे. उद्घाटन करता येत नाही.

आणि करायला गेले तर कायदा आडवा येतो. महाराष्ट्रातला शहरी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा. बिल्डरपासून झाडे वाचवायला तो अत्यंत गरजेचा होता आणि आहे. पण त्याला झाड दिसते, अधिवास दिसत नाही. उंदीरमारी तोडायची तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, हरकती, बदल्यात नवी लागवड. तीच नवी लागवड उरलेल्या गवताळ तुकड्यात खड्डे घेऊन केली तर कोणाचीच परवानगी लागत नाही. झाडे तोडण्याच्या बातमीवर शहर पेटून उठते, माळावर खड्डे घेण्याच्या बातमीवर टाळ्या पडतात. टेकडीप्रेमी मंडळींना हे पटवणे हे मला या सबंध प्रश्नातले सर्वांत नाजूक काम वाटते, कारण ती आपलीच माणसे आहेत. पाठीवर पाण्याचे कॅन वाहून त्यांनी ती रोपे जगवली आहेत.

देशी झाडांचा आग्रह आता सर्वत्र पोचला आहे आणि श्री. द. महाजनांसारख्या वनस्पतितज्ज्ञांनी त्यासाठी आयुष्यभर लिहिले-बोलले, त्याचे ते फळ आहे. पुढची पायरी मात्र अजून रुजलेली नाही. ताम्हण राज्यपुष्प खरे, पण ते ओढ्याकाठचे, ओलाव्याचे झाड. कोरड्या टेकडीच्या माथ्यावर ते उन्हाळ्यात टँकरवरच जगते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास जगापुढे मांडला, तेव्हापासून देवराई हा आपल्याकडे आदर्श झाला आणि शहरोशहरी 'देवराई' नावाने रोपांची दाटी लागू लागली. पण मुळशी-वेल्ह्याकडच्या देवराया भरपूर पावसाच्या आहेत. वेताळ टेकडीला नमुना हवा असेल तर तो पश्चिमेला नाही, पूर्वेला शोधावा लागेल, सासवड-जेजुरी-बारामतीकडच्या माळांवर. तिकडे कोणी अभ्यास सहल नेत नाही, कारण पाहायला 'काही नसते'.

मियावाकी पद्धतीचा विषय इथेच येतो. अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) हे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. एखाद्या जागी माणसाचा हस्तक्षेप नसता तर कोणते जंगल आले असते ते शोधून, त्याच जातींची रोपे चौरस मीटरला तीन ते पाच अशी दाट लावायची, दोन-तीन वर्षे तण काढायचे, मग सोडून द्यायचे, ही त्यांची रीत. जपानच्या ओल्या हवेत, कारखान्यांच्या उघड्या भरावांवर तिने काम केले. मुंबई महापालिकेने २०२० पासून ती मोठ्या प्रमाणात घेतली. भरपूर पाऊस, भराव टाकलेली किंवा राडारोड्याची जागा, भोवती इमारती: तिथे माझी हरकत नाही, धूळ आणि आवाज तरी अडतो. आपल्याकडे मियावाकी लोकप्रिय झाली त्याचे कारण मात्र शास्त्र नाही, हिशेब आहे. एका गुंठ्यात तीन-चारशे रोपे बसतात! उद्दिष्ट हजारांत असले आणि जागा टीचभर असली की याहून सोयीचे काय. त्यातली 'मूळ जंगल कोणते' ही पहिली पायरी गाळली जाते आणि दाटी तेवढी उरते. माळरानावर ही पद्धत लावणे म्हणजे चालू दुकानावर बुलडोझर फिरवून तिथे मॉल बांधण्यासारखे आहे.

पाण्याच्या बाबतीत चूक वेगळी, मुळातली खोड तीच. तलावाचे 'पुनरुज्जीवन' म्हणजे गाळ काढून तो वाटीसारखा खोल करायचा, भोवती बांध घालायचा, वर पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, दिव्यांचे खांब, मध्ये कारंजे. बेंगळुरूच्या तलावांवर यावरून बरीच चर्चा झाली आहे. उथळ, चिखलाच्या कडा हाच पाणथळीचा जिवंत भाग; तुतवार, शेकाटे, पाणकोंबड्या तिथे चरतात. खोल वाटीत पोहणारी बदके राहतील, चालणारे पक्षी जातील. कैकोंड्रहळ्ळी तलावाच्या कामात नागरिक, महापालिका आणि अभ्यासक एकत्र बसले, आणि तलाव म्हणजे केवळ पाण्याची टाकी नव्हे हा मुद्दा निदान चर्चेत आला.

सिंगापूरने तर आपणच घातलेले सिमेंट उखडले. बिशान-आंग मो किओ उद्यानात कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा काँक्रीटचा सरळ नाला होता. २०१२ पर्यंत तो फोडून, जिवंत फांद्या, मुळे आणि दगड यांच्या आधाराने काठ धरून, तीन किलोमीटरची वळणावळणाची नदी केली. पूर आला की पाणी ६२ हेक्टरांच्या उद्यानात पसरते, ओसरले की मुले खेळायला येतात. पाणमांजरेही आली. सिंगापूर हे श्रीमंत, शिस्तीचे आणि एकहाती चालणारे शहर, तेव्हा सगळे इथे उचलून आणता येणार नाही. पण त्याच काळात आपण मुळा-मुठेचे ४४ किलोमीटर काठ बांधून काढायची योजना आखावी, आणि वाळुंज, करंज, उंबराची शिल्लक दाटी वाचवा म्हणणाऱ्यांनी वर्षानुवर्षे हरकती घेत बसावे, हे पाहून उलट्या गंगेची आठवण होते.

कामानंतरच्या देखभालीबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, पण निकाल तिथेच लागतो. गवत कमरेएवढे वाढले की 'साप निघतील' म्हणून तक्रार येते आणि ऑक्टोबरमध्ये, बी धरण्याच्या ऐन वेळी, गवत कापले जाते. पालापाचोळा 'घाण' म्हणून गोळा होतो आणि कोपऱ्यात पेटतो, त्यातल्या कोषांसकट. वठलेली फांदी धोकादायक म्हणून उतरवली जाते. ती रस्त्यावर येत असेल तर उतरवलीच पाहिजे, पण उद्यानाच्या आतल्या भागातही तोच नियम. तांबट पक्षी घरटे कोरतो ते अशाच मऊ झालेल्या, वठलेल्या लाकडात. टेंडर दोन-तीन वर्षांचे, त्यात 'जगलेल्या रोपांची टक्केवारी' असा रकाना असतो. उपटलेल्या तणाचा, कापायचे टाळलेल्या गवताचा, न पेटवलेल्या पाल्याचा नसतो. ठेकेदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला ज्याचे पैसे मिळतात तेच तो करतो.

यशाचे मोजमापही तपासून घ्यायला हवे. 'उद्यानात अमुक जातींचे पक्षी' हा आकडा सांगायला सोपा असतो, पण साळुंकी, बुलबुल, सातभाई हे तर सोसायटीच्या बागेतही येतात. माळावर चंडोल वीण घालतो का, दलदलीत बेडकांची अंडी दिसतात का, लावलेल्या झाडाखाली त्याचेच पोर आपोआप रुजले का, हे प्रश्न अधिक कठीण आहेत आणि उत्तरे यायला दशक लागते.

मूळ स्थितीच्या या सगळ्या आग्रहाला एक सणसणीत अपवाद बर्लिनमध्ये आहे आणि तो मला आवडतो. टेम्पलहोफचे रेल्वे यार्ड १९५२ मध्ये बंद पडले, शहराच्या फाळणीच्या राजकारणात कोणी हात लावला नाही आणि रुळांमधून रान उगवले, त्यात परदेशी रोबिनियाही. २००० मध्ये सुमारे १८ हेक्टरांचे हे सुडगेलेंड निसर्ग उद्यान लोकांना उघडले. रूळ तसेच, पाण्याची जुनी टाकी तशीच, काही भाग जंगल होऊ द्यायचा, काही भाग मुद्दाम कापून मोकळा ठेवायचा. आपल्याकडच्या बंद गिरण्या, खाणी, दगडखाणींची तळी यांच्याकडे असे पाहता येईल. देशी-परदेशीचा सोवळेपणा कुठे पाळायचा आणि कुठे नाही, हे जागा पाहून ठरवावे. माथ्यावरच्या गवतात तो पाळावा, खाणीच्या खड्ड्यात नाही पाळला तरी चालेल.

आता माणसांचे. अधिवास राखायचा म्हटले की पहिली गोष्ट होते ती कुंपण, आणि कुंपणाबाहेर पडतात शेळ्या राखणारे, सरपण-गवत नेणाऱ्या बायका, खेळायला दुसरी जागा नसलेली वस्तीतली पोरे. माळरानाच्या बाबतीत तर हे अन्यायाचेच नाही, चुकीचेही आहे. बेताची चराई आणि हिवाळ्यातली गवतकापणी यांवरच ही माळराने टिकली. दोन्ही एकदम बंद केली की वाळके गवत साचते, आणि मार्चमध्ये कोणाच्या तरी विडीने टेकडी पेटते. दुधाच्या गुरांसाठी गवत कापून नेणारा माणूस उद्यान खात्याला फुकटचा देखभाल कर्मचारी म्हणून मिळू शकतो. त्याला पास द्यायचा की दंड करायचा, एवढाच निर्णय आहे.

सगळ्यात शेवटी प्रश्न येतो तो जमिनीचा, आणि तिथे चाळीस वर्षांचे कामही एका नकाशाने धोक्यात येऊ शकते. गुरुग्रामच्या उद्यानातून रस्ता नेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा नागरिकांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. माहीमची जागा संरक्षित वन असूनही धारावी पुनर्विकासाच्या संदर्भात तिचे नाव आले, लोक न्यायालयात गेले, आणि उद्यान प्रकल्पाचा भाग नाही असे २०२३ मध्ये प्राधिकरणाकडून उच्च न्यायालयात सांगण्यात आले. पुण्यात १९९७ मध्ये पालिकेत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर साडेनऊशेहून अधिक हेक्टरांचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण, लोकांच्या तोंडी बीडीपी, २०१५ मध्ये सरकारने मान्य केले. देशातल्या कुठल्याही शहराने हेवा करावा असा हा कागद आहे. त्यातली बरीच जमीन खासगी आहे, मोबदला ८ टक्के टीडीआरचा, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्कांचा, आणि तो मालकांना पटलेला नाही. दरम्यान कडेकडेने बांधकामे चढत आहेत. जमीन ताब्यात नाही म्हणून उद्यान खाते तिथे बी गोळा करत नाही, रोपवाटिका उभारत नाही, उरलेल्या गवताची साधी यादीही करत नाही. यादी करायला तरी ताबा लागत नाही. पावसाळ्यात महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आणि प्राध्यापक ती एका हंगामात करू शकतील. ती झाली तर पुढचा जेसीबी चढण्याआधी कोणत्या माथ्यावर खड्डे घ्यायचेच नाहीत, एवढे तरी नकाशावर दाखवता येईल.